खारोबाच्या विटा

माझ्या मागच्या अंगणात कमरेएवढ्या उंचीची एक भिंत आहे. भर उन्हातसुद्धा ती ओली दिसते. नवीन माणूस आला की हटकून तिच्यावरून बोट फिरवतो आणि बोट कोरडंच राहिलं की माझ्या तोंडाकडे बघतो. काच आहे ती, मी सांगते. विटेवर काच कशी आली, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर द्यायचं तर शेजारच्या कुंभाराबद्दल सांगावं लागतं, आणि त्याच्याबद्दल खरं सांगायचं तर माझ्याच अब्रूची लक्तरं वेशीवर टांगावी लागतात. म्हणून बहुतेकांना मी चहा पाजून वाटेला लावते.

तो काही पिढीजात कुंभार नव्हता. नकाशे काढायच्या कचेरीत चांगला नोकरीला होता. चाळिशीच्या तोंडावर एक जुनी बरणी त्याच्या हाती लागली, आणि त्या बरणीपायी त्यानं नोकरीवर लाथ मारली. बरणीचं अंग संत्र्याच्या सालीसारखं होतं, बारीक खळग्यांचं आणि तरीही चकचकीत. तशी झिलई भांड्यावर लावता येत नाही. भट्टी पांढरीफटक तापली की आत जाडं मीठ टाकायचं, मिठाची वाफ होऊन ती मातीला चिकटते आणि मातीचीच काच बनते. त्यासाठी त्यानं घरामागे खोलीएवढी भट्टी बांधली. बायको शाळेत मास्तरीण होती, तिच्या पगारावर घर चाललं, आणि बुवा मातीत लोळायला मोकळे झाले. हे मी तेव्हा चारचौघांत असंच म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नव्हतं. त्याचं ‘खारोबा’ हे नावही मीच पाडलेलं.

मी शेजारचं घर घेतलं तेव्हा त्याच्या भट्टीला चौदा वर्षं झाली होती. हे आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. घर मी घेतलं ते मागच्या खोलीतल्या उजेडासाठी. शिवणकामाला उजेड लागतो. दोन मशिनं खिडकीशी मांडली, कात्र्या भिंतीला टांगल्या, हुकांचे आणि सुयांचे डबे फळीवर लावले. घर बघायला आले तेव्हा धुराडं दिसलं होतं. बेकरी असेल असं वाटलं.

वर्षातून चारदा भट्टी लागायची. दीड दिवस ती तापत राहायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिठाची वेळ यायची. खारोबा कागदाच्या पुड्या बांधून ठेवायचा आणि बाजूच्या भोकातून एकेक आत सोडायचा. आत चटचट आवाज व्हायचा आणि मग धुराड्यातून दुधासारखा पांढरा धूर निघायचा. तो वर जायचाच नाही. भिंत ओलांडून सरळ माझ्या अंगणात उतरायचा आणि खिडकीतून आत येऊन बसायचा. घसा खरवडून निघायचा. मिठातलं जे मातीला हवं असतं ते माती घेते आणि उरलेलं धुरातून बाहेर पडून हवेतल्या ओलीशी मिसळतं. त्याचं चक्क तेजाब होतं. हे मला पुढे खारोबानंच समजावलं. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या सुया गंजताहेत.

शिंपिणीची सुई गंजली की काय होतं ते दुसऱ्याला कळायचं नाही. सुई कापडात अडखळते, दोरा तुटतो, आणि पांढऱ्या कापडावर तांबूस टिपका राहतो. एका मुलीच्या लग्नाचा पांढरा पोशाख मी तीन आठवडे खपून शिवला होता. पाठीला छत्तीस हुक. भट्टीच्या दिवशी तो खोलीत टांगलेला राहिला, आणि आठवडाभरानं मुलीची आई न्यायला आली तेव्हा प्रत्येक हुकाखाली तपकिरी डाग. छत्तीसच्या छत्तीस. ती बाई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती तिथेच खाली बसून रडायला लागली.

त्या दिवशी मी पोशाख तसाच हातात घेऊन खारोबाच्या दारात गेले.

“हे बघा,” मी म्हणाले. “हे तुमच्या मिठानं केलंय.”

त्यानं हात पुसले. पोशाख उजेडात धरला आणि एकेक डाग बघत राहिला. मला वाटलं आता हा वाद घालेल. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

“धुराडं उंच करतो,” तो म्हणाला.

“म्हणजे माझ्याऐवजी पलीकडच्या गल्लीत गंजेल. वा, काय युक्ती आहे!”

त्याला हसू आलं, आणि त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं. मी अर्ज लिहिला. अकरा घरांच्या सह्या घेतल्या, काहींच्या पाठी लागून घेतल्या. नगरपालिकेच्या कचेरीतून माणूस आला, त्यानं पत्र्यांची चाळण झालेली बघितली, माझ्या कात्र्या बघितल्या आणि खारोबाला नोटीस दिली. धूर बंद करा, नाहीतर भट्टी बंद.

नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या शिवणाच्या खोलीत आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. हातात नोटिशीची घडी होती.

“ताई, एक स्पष्ट विचारू? तुमचं भांडण धुराशी आहे की भट्टीशी?”

“धुराशी.”

“धूर गेला तर?”

“तर तुम्ही खुशाल आत बसून भाजून घ्या. मला काय त्याचं!”

“झालं तर मग,” तो म्हणाला आणि उठला.

त्यानंतर अडीच वर्षं तो माणूस सोड्याच्या मागे होता. मिठातला जो भाग काच करतो तोच सोड्यातही असतो, पण सोड्याचं तेजाब होत नाही. ऐकायला सोपं आहे. पण मीठ आत पडलं की स्वतः उडतं, कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. सोडा आळशी. पडला तिथेच पडून राहतो. खारोबानं आधी खायचा सोडा पुड्या बांधून टाकला, तो भट्टीच्या तळाशी डबकं करून बसला. मग धुण्याचा सोडा उकळत्या पाण्यात विरघळवून झाडांवर औषध मारायच्या पंपानं फवारला. पंपाचं तोंड वितळलं. लोखंडी नळी लावली, तिला भोकं पाडली. मग सोडा, खडूची पूड आणि लाकडाचा भुसा कालवून त्याची ढेकळं केली आणि ती लांब पट्टीवर ठेवून आत सरकवली. प्रत्येक भट्टीत काहीतरी नवीन आणि प्रत्येक भट्टीनंतर तोंड पाडून बसलेला खारोबा.

आणि या सगळ्यात त्यानं मला कसं ओढलं ते माझं मलाच कळलं नाही. एक दिवस भिंतीवरून म्हणाला, “ताई, तुमच्या चार कोऱ्या सुया द्या.” सुया त्यानं दोऱ्याला ओवून आमच्या मधल्या कुंपणावर टांगल्या. भट्टी निवली की त्या काढून मला द्यायचा. “निकाल तुम्ही द्यायचा,” म्हणायचा. मी भिंग घेऊन बघायचे. पहिल्यांदा, निम्मं मीठ आणि निम्मा सोडा होता तेव्हा, सुया तांबूस झाल्या. मीठ कमी होत गेलं तशा त्या सुधारत गेल्या. मग मीठ अजिबात बंद झालं. दर भट्टीनंतर तो कुंपणावर एक मातीचं कडंही ठेवायचा. भट्टी चालू असताना अशी कडी सळईनं बाहेर ओढून झिलई किती चढली ते बघतात. मी म्हणायचे, “मला काय कळतंय त्यातलं?” आणि तो गेला की उचलून नखानं वाजवून बघायचे. सात-आठ भट्ट्यांनंतर मलाही कळायला लागलं होतं.

दहावी भट्टी उघडली तेव्हा त्यानं मला हाक मारून बोलावलं. आत बरण्या रांगेनं उभ्या होत्या. सगळीकडून सारख्या चकाकत होत्या, तेच संत्र्याचं साल, फक्त जरा उबदार, जरा तांबूस. मास्तरीणबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी माझ्या सुया काढून बघितल्या. चारही कोऱ्या. धूर तर मला जाणवलाही नव्हता, मी खिडकी उघडी ठेवून शिवत बसले होते.

“झालं ना?” खारोबा मला विचारत होता. त्याच्या बायकोला नाही, मला.

“झालं,” मी म्हणाले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण अकरा घरं होती. खारोबा सोडा वापरतो यावर कुणाचा विश्वास बसेना. पोती झाकून मीठच टाकतोय, असं लोक म्हणायला लागले. कचेरीतला माणूस पुन्हा आला. भट्टीच्या आतल्या भिंतींवर बोटभर काच चढलेली होती, बावीस वर्षांच्या मिठाची. ती बघून तो म्हणाला की हे तर सगळं मीठच दिसतंय, परवान्याचं कसं करायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. अर्ज माझा होता. निकाल द्यायची मलाही सवय झाली होती.

“ही भट्टीच पाडा,” मी म्हणाले. “नवीन बांधा. जुनी एकही वीट लावायची नाही. मग कुणाला शंका नको.”

मला वाटलं मी त्याची बाजू घेतेय. देवाशप्पथ तसंच वाटलं. आणि गंमत बघा, खारोबा खूश झाला. त्याचा स्वतःच्या सोड्यावर एवढा विश्वास होता. “बरोबर बोललात,” म्हणाला. “स्वच्छ सुरुवात करू.” बावीस वर्षांची भट्टी त्यानं चार दिवसांत स्वतःच्या हातानं उतरवली. विटांचा ढीग उन्हात नुसता झळकत होता. बहुतेक विटा ट्रकमधून कुठल्याशा खड्ड्यात भरावाला गेल्या. चांगल्या बघून दीडशे मी मागून घेतल्या. माझ्या अंगणाला भिंत हवीच होती. गवंड्याला सांगून पक्क्या सिमेंटात बसवून घेतल्या.

नवी भट्टी दिसायला देखणी होती. पांढऱ्या कोऱ्या विटा, कुठे डाग नाही. पहिल्या भट्टीला त्यानं तोच सोडा, तीच ढेकळं, तेवढाच वेळ ठेवला. उघडली तर प्रत्येक बरणी एका बाजूनं चकाकणारी आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी, शिळ्या भाकरीसारखी. सोडा ज्या बाजूनं आला तेवढीच बाजू काचेची. दुसरी भट्टी तशीच. तिसरीला सोडा दुप्पट केला, तर पुढची बाजू ओघळली आणि मागची जैसे थे. त्यानं माती बदलली, धुराड्याची झडप बदलली, जळण बदललं. मी सुया बघायचे. सुया उत्तम होत्या. मी त्याला तसं सांगायचेसुद्धा, जणू तेवढ्यासाठीच सगळं चाललं होतं.

चौथ्या भट्टीनंतर तो माझ्याकडे चहाला आला होता. नव्या भिंतीला टेकून उभा होता. बोलता बोलता त्याचा हात विटेवरून फिरला आणि तो बोलायचा थांबला. कप खाली ठेवला. वाकून वीट जवळून बघितली, नख लावलं. मग तो तिथेच जमिनीवर बसला.

“काय झालं?”

“ताई, सोड्यानं काही केलंच नव्हतं हो,” तो म्हणाला. “म्हणजे केलं थोडं. बाकीचं या विटांनी केलं. बावीस वर्षं मी यांना मीठ खाऊ घातलं. भट्टी तापली की ते सुटायचं, सगळीकडून. मला वाटलं माझी ढेकळंच पोचताहेत.” त्यानं पुन्हा विटेला नख लावलं. “एवढं साधं. कुठल्याही शिकाऊ पोरानं सांगितलं असतं. मी जुन्या भट्टीत नवा सोडा जोखला.”

मी काहीतरी बोलले, आठवत नाही. त्याची नजर भिंतीवर होती. विटा मोजत होता.

“ताई, या विटा मला परत मिळतील का? आतून एक थर लावला तरी पुरे.”

आता खरं सांगते. मी घाबरले. माझ्या डोळ्यांपुढे ते छत्तीस डाग आले.

“म्हणजे पुन्हा मीठच की,” मी म्हणाले.

“नाही हो. त्रास देणारं होतं ते धुरातून कधीच गेलं. आता उरलीय ती नुसती काच. दहावी भट्टी याच विटांत झाली, तेव्हा सुया तुम्हीच बघितल्या होत्या ना?”

बघितल्या होत्या. भिंग लावून बघितल्या होत्या. तरीही मी म्हणाले, “अकरा घरांना मी काय सांगू? आणि आत्ताच तर भिंत बांधलीय. वेल लावलाय.”

वेल लावलाय! बावीस वर्षांच्या कामापुढे मी वेल पुढे केला.

तो पुन्हा कधी मागायला आला नाही. त्याचा तो स्वभावच नव्हता. उलट मलाच समजावायचा, की नवी भट्टीही शिकेल, पंचवीस-तीस वेळा सोडा खाल्ला की तिच्याही विटा भरतील. वर्षाला चार म्हणजे सात वर्षं. तो त्रेसष्ट वर्षांचा होता. चाराच्या पाच केल्या. पाठ जायला लागली तरी लाकूड स्वतः फोडायचा. ज्या दुकानांत त्याच्या बरण्या जायच्या तिथून त्या परत यायला लागल्या. पूर्वीसारखं नाही राहिलं, असं दुकानदार कळवायचे. मास्तरीणबाई त्या खोक्यांतून काढून पडवीत मांडायच्या, कोरडी बाजू भिंतीकडे करून. मला दिसल्या की विचारायच्या, “तुमच्या सुया बऱ्या आहेत ना?” मी ‘हो’ म्हणून घरात शिरायचे.

लांब माळावर एक ओळखीचा कुंभार अजून मिठानं भाजायचा. त्यानं खारोबाला निरोप पाठवला की माझ्या भट्टीत ये, इथे दूरदूरवर कुणी नाही, हवं तेवढं मीठ टाक. मास्तरीणबाईंनी सामान बांधायला घेतलं होतं. हा गेला नाही.

“अहो, जा की,” मी म्हणाले. मला सुटका हवी होती, दुसरं काही नाही.

“तिथेही कुणाच्या तरी सुया असतीलच, ताई,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मला सुचायला तीन वर्षं लागली. माझी अक्कल इतकी सावकाश चालते. एका सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीशी बसले. वेल तोपर्यंत वाळूनही गेला होता. पहिली वीट फुटली. दुसरी फुटली. सिमेंट विटेपेक्षा घट्ट झालेलं. मी हळू ठोकून बघितलं, पाणी मारून बघितलं, गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, “बाई, एकेक वीट सुटी नाही व्हायची, भिंत पाडाल तर तुकडे मिळतील.” दुपारपर्यंत अकरा फोडल्या तेव्हा एक धड निघाली. ती पदरात धरून मी शेजारी गेले.

खारोबा अंथरुणावर होता. छातीत पाणी झालं होतं. वीट त्यानं पोटावर ठेवून घेतली आणि दोन्ही हातांनी चाचपली.

“भिंत फोडलीत?”

“एवढी एकच निघाली.”

“एक तर एक,” तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता, आणि तो बघणं माझ्यानं झालं नाही. मी नजर चुलीकडे वळवली.

पुढच्या आठवड्यात तो उठला, कुणाचं ऐकलं नाही. ती नव्या भट्टीची एकोणिसावी खेप. वीट त्यानं आत मधल्या फळीवर उभी केली आणि तिला लागून हातभर उंचीची एक बरणी ठेवली. सोडा मास्तरीणबाईंनी आणि मी घातला. तो खुर्चीत बसून सांगत होता, आता सरकवा, आता थांबा. उघडायच्या दिवशी तो खुर्चीपर्यंतही येऊ शकला नाही. आम्ही दोघींनी बरण्या बाहेर काढल्या. सगळ्या नेहमीसारख्या अर्ध्या कोरड्या. फक्त विटेशेजारची ती एक सगळीकडून चकाकत होती. सोड्याकडून पुढची बाजू आणि विटेकडून मागची. हुबेहूब जुनी खारोबाची बरणी.

मास्तरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “यांनी विटा मागितल्या होत्या ना तुमच्याकडे? तेव्हाच?”

“हो.”

“मला बोलले नाहीत ते. मी आपली सोड्यालाच शिव्या घालत बसले.”

त्या बरणी घेऊन आत गेल्या. त्यानं ती बघितली, उशाशी ठेवायला सांगितली आणि दहा-बारा दिवसांनी तो गेला. नवी भट्टी शिकायला अजून सहा-सात खेपा तरी लागल्या असत्या. मास्तरीणबाई घर विकून बहिणीकडे राहायला गेल्या. नव्या मालकानं महिन्याभरात भट्टी पाडली, गाडी लावायला जागा हवी म्हणून.

जाताना मास्तरीणबाई बरणी माझ्याकडे ठेवून गेल्या. मी नको नको म्हणत होते. “राहू द्या,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच सांगितलंय, ताईंना द्या, त्यांच्या कामाची आहे.”

ती खिडकीशी असते, मशिनाच्या उजव्या हाताला. मी तिच्यात सुया ठेवते. इतक्या वर्षांत एकही गंजली नाही.